लसीनंतर बाळाच्या अंगावर काय उठलं? सांगलीकडच्या नव्या आई-बाबांसाठी

लस टोचल्यावर बाळाच्या त्वचेवर जे उठतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा घड्याळ आणि कॅलेंडर सांगतं. अर्ध्या तासात उठलेल्या गांधी वेगळ्या, दुसऱ्या दिवशी सुजलेली मांडी वेगळी, आठ-दहा दिवसांनी आलेलं पुरळ वेगळं आणि तीन आठवड्यांनी दंडावर आलेली फोडी वेगळी. यातलं पहिलं धावपळ करण्यासारखं असू शकतं, शेवटचं हात न लावता सोडून देण्यासारखं असतं. पण आपल्याकडे सर्रास उलट घडतं. सुई झाली की लोक पाच मिनिटांत केंद्रातून निघतात, आणि महिन्याभरानं बीसीजीची, म्हणजे क्षयरोगावरच्या लसीची, फोडी दिसली की सगळं घर मलम, हळद आणि शेक घेऊन बसतं. पहिलटकरणीनं, बाळाच्या बाबांनी आणि घरच्या आज्यांनी एकत्र बसून वाचावं म्हणून हे पायरीपायरीनं लिहिलं आहे.

पायरी 1: सुईच्या आधी

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माचे डोस मिरजेतल्या किंवा सांगलीतल्या दवाखान्यात होतात, दीड महिन्याचा डोस माहेरच्या उपकेंद्रात आणि अडीच महिन्यांचा कदाचित सासरी. विटा-आटपाडी भागातल्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातल्या लेकी-सुना तर बाळंतपणापुरत्या गावी येतात आणि पुढचे डोस दुसऱ्या राज्यात जाऊन घेतात. म्हणजे सुई टोचणारी सिस्टर एक आणि महिन्याभरानं ती खूण पाहणारी दुसरीच. त्यामुळे डोस झाला की तिथेच कार्डाच्या दोन्ही बाजूंचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो बाळाच्या बाबांनाही पाठवून ठेवा.

कोणती सुई कुठे टोचली हे विचारून लक्षात ठेवा. सरकारी वेळापत्रकात जागा ठरलेल्या असतात. जन्मानंतरची बीसीजी डाव्या दंडावर, कातडीच्या आत. जन्मानंतरच्या चोवीस तासांत दिली जाणारी हिपॅटायटिस बी डाव्या मांडीत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) डाव्या मांडीत. दीड आणि साडेतीन महिन्यांना उजव्या मांडीत न्यूमोकोकलची (न्यूमोनियावरची) सुई आणि उजव्या दंडावर पोलिओची अगदी छोटी सुई. नऊ महिने पूर्ण झाले की उजव्या दंडावर गोवर-रुबेला, डाव्या दंडावर पोलिओचा तिसरा डोस आणि उजव्या मांडीत न्यूमोकोकलचा बूस्टर. मांडी सुजली तर कोणती सुजली यावरून कोणत्या लसीमुळे सुजली ते कळतं. डॉक्टर हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात आणि तिथे बहुतेक आईबाप गप्प होतात.

बाळाला सैल झबलं घाला, दंड आणि मांडी सहज उघडी करता आली पाहिजे. साधी सर्दी, थोडा खोकला, मानेवरची घामोळी यासाठी डोस पुढे ढकलायचा नाही. मागच्या डोसाला अंगभर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल, बाळाला रक्त न थांबण्याचा आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर हे सुईच्या आधी, स्पष्ट शब्दांत सांगायचं. टोचायच्या जागी आधीच जखम, खरूज किंवा पुरळ असेल तर तेही दाखवा.

पायरी 2: पहिला अर्धा तास

हा अर्धा तास केंद्रातच बसायचं. उसाच्या गाडीला उशीर होतोय, दुपारची एसटी चुकतेय, बाळ रडतंय, काहीही असो. लसीची तीव्र ॲलर्जी फार दुर्मीळ आहे, दहा लाख डोसांमागे एखादी. पण ती झालीच तर बहुतेक वेळा याच वेळात होते आणि तिच्यावरचं औषध, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, सिस्टरच्या पेटीत असतं. घरी ते नसतं.

बाळाचं अंग उघडून अधूनमधून पाहत राहा. पोट, पाठ, मान आणि चेहरा बघा. गांधी म्हणजे उंचवटलेले, खाजरे, कडा स्पष्ट असलेले चट्टे. ते जागा बदलतात, इथला चट्टा विरतो आणि तिकडे नवा उठतो. एक-दोन गांधी उठल्या, बाळ दूध पितंय, खेळतंय, तरी सिस्टरना लगेच दाखवायचं आणि त्या म्हणतील तोवर थांबायचं. गांधींसोबत ओठ किंवा पापण्या सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वासाला घरघर, लागोपाठ उलट्या, बाळ ढिलं पडणं किंवा पांढरंफटक होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. बाळाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर त्याला बरं वाटेल तसं टेकवून धरा, पाणी किंवा दूध पाजू नका. घरी पोहोचल्यावर हे झालं तर 108 ला फोन. घरातलं ॲलर्जीचं सिरप पाजून वाट बघत बसायचं नाही, ते सिरप या दुखण्यावर पुरं पडत नाही.

शाळेत 10 आणि 16 वर्षांच्या मुलामुलींना टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) सुई देतात, तिथे एक गोंधळ नेहमी होतो. सुईच्या भीतीनं मूल घामाघूम होऊन चक्कर येऊन पडतं आणि सगळे रिॲक्शन आली म्हणून घाबरतात. चक्करेत कातडी थंड, ओलसर, फिकट पडते, पण गांधी उठत नाहीत आणि सूज येत नाही. मुलाला आडवं झोपवून पाय थोडे उंच केले की ते लवकर भानावर येतं. तरी मोठ्यांनी ठरवून टाकू नये, सिस्टरना बघू द्यावं.

पायरी 3: पहिले दोन-तीन दिवस

पेंटाव्हॅलंटनंतर मांडी लाल होणं, सुजणं, कडक आणि गरम लागणं, पाय हलवताना बाळ रडणं, अंगात कसर येणं हे अगदी नेहमीचं आहे. त्या लसीत डांग्या खोकल्याचा पूर्ण, मारलेला जंतू असतो. त्याला ओळखून शरीर जिथे कामाला लागतं, तिथेच ही सूज दिसते. ती बहुधा पहिल्याच दिवशी येते आणि दोन-तीन दिवसांत उतरते.

करायचं इतकंच: स्वच्छ सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून, पिळून त्या जागेवर ठेवा. बर्फ थेट लावू नका. बाळाला अंगावर पाजत राहा. अंघोळ घातली तरी चालते. मालिश करणाऱ्या बाईंना मात्र आधीच सांगा की ती मांडी चोळायची नाही. आपल्याकडे न्हाऊ-माखू घालताना अंग चांगलं रगडतात आणि नंतर शेगडीचा शेक देतात. सुजलेल्या मांडीला हे दोन्ही नको. चोळल्यानं आणि शेकल्यानं सूज वाढते, आणि नाजूक कातडीला चटका बसतो तो वेगळाच.

हळदीबद्दल नीट सांगायला हवं, कारण हा हळदीच्या पेठेचा जिल्हा आहे आणि घरातली हळद खात्रीची असते असं आपण मानतो. सुईच्या जागी ती लावायची नाही. दळलेली हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळ्या रंगाखाली कातडी लाल होतेय का, वाढतेय का, हेच दिसेनासं होतं. चुना, बिब्बा, तंबाखूची पूड हे तर अजिबात नको. बिब्ब्यानं कातडी जळते आणि ती जखम लसीच्या नावावर जमा होते.

आत्याबाईंनी हळद कालवून आणली तर नकार कसा द्यायचा, हे सुनेवर एकटीवर टाकू नये. सिस्टरच त्यांच्यासमोर सांगतील अशी व्यवस्था करा, डोसाला जाताना त्यांना सोबत न्या. सिस्टरच्या तोंडून ऐकलेलं घरात टिकतं.

ताप किंवा दुखणं जास्त असेल तर पॅरासिटामॉल, तेही वजनावर. दर किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. बाटली मात्र नीट वाचा. 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं, 5 मिलीत 250 असलेलंही मिळतं, आणि थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतात. शेजारणीनं "आमच्या पोराला अर्धा चमचा देतो" म्हटलं तर तिची बाटली कोणती हे आपल्याला माहीत नसतं. किती मिली द्यायचं ते सिस्टर किंवा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. ॲस्पिरिन द्यायचं नाही. आणि जन्मानंतरच्या बीसीजीमुळे सहसा ताप येत नाही, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत बाळाचं अंग तापलं तर तो ताप लसीचा समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. सुजेच्या कडेनं बॉलपेननं हलकी रेघ ओढा आणि तारीख-वेळ टाकून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात पुन्हा फोटो काढा. सूज रेघेच्या आत सरकली असेल तर उतरतेय. दोन दिवस उलटून गेल्यावरही ती रेघेबाहेर पसरत असेल, जास्त गरम लागत असेल, ताप चढत असेल किंवा बाळ मलूल असेल, तर तिथे जंतुसंसर्ग झाला असू शकतो. मग प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचंच. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पुस्तकातल्या चित्रासारखी दिसत नाही. ती जांभळट किंवा जास्त काळसर दिसते, कधी दिसतच नाही. म्हणून हाताची मागची बाजू आधी एका मांडीला, मग दुसरीला लावून पाहा. गरमपणातला फरक कळतो.

दीड ते दोन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या त्रिगुणीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरनंतर सूज पहिल्या डोसांपेक्षा मोठी येऊ शकते. क्वचित सगळी मांडी किंवा सगळा दंड सुजतो. दिसायला भयंकर, पण मूल खेळत असतं, फार दुखत नाही आणि ती सूज काही दिवसांत आपोआप उतरते. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

पायरी 4: मांडीतली गाठ

सूज उतरली पण बोटाला आत एक टणक गाठ लागते, दुखत नाही, वरची कातडी साधी आहे. लसीतल्या ॲल्युमिनियमच्या क्षारामुळे अशी गाठ राहते आणि ती विरायला कित्येक आठवडे लागू शकतात. तिला दाबून बघू नका, तेल लावून जिरवायला जाऊ नका. गाठ लाल, गरम, मऊ झाली, दुखू लागली किंवा तिच्यातून पू आला तर ते गळू आहे. ते डॉक्टरांनीच बघायचं, घरी सुईनं फोडायचं नाही.

पायरी 5: बीसीजीची फोडी

यावर सगळ्यात जास्त फोन येतात.

बीसीजी ही क्षयरोगावरची जिवंत, पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस. ती स्नायूत न देता कातडीच्या थरात देतात, म्हणून तिचं सगळं काम कातडीवर दिसतं. टोचताना एक छोटा फुगवटा येतो आणि अर्ध्या तासाभरात जातो. मग दोन-तीन आठवडे तिथे काहीच नसतं. आई-बाबा ती जागा विसरून जातात, आणि तेव्हाच फोडी येते.

सणांवरून सांगते, म्हणजे लक्षात राहील. दसऱ्याला बीसीजी टोचली असं धरा. दिवाळीच्या सुमाराला त्या जागी लालसर फोडी दिसेल. तुळशीच्या लग्नापर्यंत ती 4 ते 8 मिलिमीटरची होईल, तिला तोंड पडेल, थोडा पू किंवा पाणी येईल. मग खपली धरेल, पडेल, पुन्हा धरेल. संक्रांतीपर्यंत ती भरून येऊन लहान गोल व्रण राहील. दोन-चार आठवडे इकडेतिकडे झाले तरी काळजी नाही. म्हणजे दीड महिन्याच्या डोसाला जाल तेव्हा फोडी बहुधा ऐन भरात असेल. दंड उघडून सिस्टरना दाखवा, त्यासाठी वेगळी फेरी मारायला नको.

या फोडीला काय करायचं? काही नाही, आणि हेच लोकांना सगळ्यात अवघड जातं. मलम नको, अँटिबायोटिकची पावडर नको, डेटॉल नको, दाबून पू काढणं नको, चिकटपट्टी नको. अंघोळीत पाणी गेलं तर जाऊ द्या, नंतर मऊ फडक्यानं टिपून कोरडं करा आणि उघडं राहू द्या. जत-आटपाडीकडच्या उन्हाळ्यात घामानं ती ओली राहते, तेव्हा सैल, सुती, बाहीचं झबलं बरं. ऊसतोडीच्या कोपीत राहणाऱ्या आयांनाही हेच सांगणं आहे. राख आणि धूळ बसू नये म्हणून सैल बाही, पण घट्ट पट्टी नाही.

कधीकधी डाव्या काखेत अवधान येतं. छोटी, न दुखणारी गाठ असेल तर ती हळूहळू जाते. गाठ दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, वरची कातडी लाल झाली, गाठ मऊ पडून फुटायला आली, दंडावरचा व्रण एक सेंटिमीटरच्या पुढे गेला किंवा तीन महिन्यांनंतरही वाहतच राहिला, तर डॉक्टरांकडे जा. बाळाचं वजन वाढत नसेल तर तेही त्याच भेटीत सांगा.

काही बाळांना फोडी येतच नाही, व्रणही राहत नाही. मग आज्या म्हणतात, लस उठली नाही, पुन्हा टोचा. कार्डावर बीसीजीची नोंद असेल तर पुन्हा टोचायची गरज नाही. आजीच्या दंडावरचा मोठा, खोलगट व्रण बहुतेक वेळा देवीच्या लसीचा असतो. देवीचा रोग जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 1980 साली जाहीर केलं आणि ती लस नव्या पिढीनं पाहिलीच नाही. त्या व्रणाशी बाळाच्या व्रणाची तुलना करायची नाही.

उजव्या दंडावरची पोलिओची सुईही कातडीतच असते आणि तिचाही फुगवटा येतो. पण त्याची अशी फोडी होत नाही. उजव्या दंडावर आठवड्यांनंतर पू दिसला तर तो बीसीजीचा समजू नका.

पायरी 6: गोवर-रुबेलानंतरचं पुरळ

नवव्या महिन्यातली ही लस झाली की पहिले काही दिवस सगळं शांत असतं. साधारण सात ते बारा दिवसांच्या दरम्यान काही बाळांना थोडा ताप येतो आणि चेहऱ्यावर, छातीवर बारीक लाल पुरळ उठतं. दोन-तीन दिवसांत ते जातं. लसीतला दुबळा विषाणू शरीरात थोडा वाढतो, त्याची ही खूण. हे पुरळ घरातल्या दुसऱ्या मुलाला लागत नाही. बाळाला अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, अंघोळ बंद करायची, दूध-भात तोडायचा, यातलं काही करायचं नाही.

तारीख जुळत नसेल तर दुसरं कारण शोधायचं. लसीनंतर काही मिनिटांत किंवा तासांत उठलेलं पुरळ ॲलर्जीकडे बोट दाखवतं. भरपूर ताप, लाल पाणावलेले डोळे, वाहतं नाक आणि खोकला यांच्यासोबत पुरळ असेल तर तो खरा गोवर असू शकतो, लस घ्यायच्या आधीच लागण झालेली असेल. आशाताईंना लगेच कळवा. आणि एप्रिल-मेमध्ये मानेवर, पाठीवर बारीक दाणे आले तर ती बहुधा घामोळीच.

पायरी 7: कुणाला, काय सांगायचं

सगळ्यात आधी आशाताई किंवा सिस्टर, मग प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी. सल्ल्यासाठी 104, तातडीला 108. मोठी तक्रार असेल तर तालुक्याचं रुग्णालय, नाहीतर सांगली-मिरजेतली शासकीय रुग्णालयं. फोनवर "पोराला रिॲक्शन आली" एवढंच सांगू नका. लस कोणती, कोणत्या तारखेला, कोणत्या अंगाला, किती वेळानं उठलं, आता केवढं आहे आणि कालपेक्षा वाढलं की कमी झालं, हे सांगा. रेघ ओढलेले फोटो सोबत पाठवा.

लसीनंतरच्या तक्रारी नोंदवण्याची सरकारी पद्धत आहे, दवाखान्यात तिला एईएफआय म्हणतात. गळू, गांधी, दवाखान्यात भरती व्हावं लागणं, अशा तक्रारी तिथे नोंदल्या जाव्यात म्हणून आपणहून विचारा. खासगी दवाखान्यात लस घेतली असेल तरी नोंद होते. नोंद केली म्हणून कुणी रागावत नाही, उलट एकाच बॅचच्या लसीनं दोन-तीन बाळांना त्रास झाला असेल तर तो अशाच नोंदींतून कळतो. बॅच नंबर केंद्राच्या नोंदीत असतो, मागितला तर मिळतो.

मोठ्यांसाठी थोडकं. कुत्रं चावल्यावरची रेबीजची लस सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर, कातडीत देतात, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. तिथे लाली, खाज, थोडी सूज येते. त्यासाठी पुढची सुई चुकवायची नाही, कारण रेबीज झाल्यावर त्याला उपाय नाही. अंगभर गांधी उठल्या तरी डोस स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवा.

पायरी 8: पुढचा डोस

मांडी सुजली, ताप आला, गाठ राहिली, बीसीजी वाहिली, गोवरच्या लसीनंतर पुरळ आलं, यातल्या कशासाठीही पुढचा डोस टाळायचा नाही. आधीच्या डोसाला तीव्र ॲलर्जी झाली असेल तेव्हाच तो डोस डॉक्टरांच्या निर्णयाशिवाय घ्यायचा नाही. गाठ अजून असेल तर ती सिस्टरना हात लावून दाखवा, म्हणजे त्या सुई त्या जागेपासून थोडी दूर देतील. चार महिन्यांचं बाळ घेऊन सासरी किंवा परगावी निघाला असाल तर फोटो आणि कार्ड नव्या केंद्रातल्या सिस्टरना पहिल्याच भेटीत दाखवा, बाळाला मांडीवर घेऊन सुईची वाट बघत असतानाच, सुई भरण्याच्या आधी.